विश्लेषण : बारामती-इंदापूरचा ऊस पेट्रोलच्या टाकीत… जुन्या दुचाकीचे इंजिन नव्याने ‘ट्यून’ करावे लागणार का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ लक्ष्य २०३० चे होते, ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. या निर्णयाचे दोन्ही परिणाम बारामती आणि इंदापूर तालुक्यांत एकाच अंगणात दिसतात. इथला शेतकरी कारखान्याला ऊस घालतो, त्या उसापासून इथेनॉल बनते आणि तेच इथेनॉल पेट्रोलमधून त्याच्या दुचाकीच्या टाकीत परत येते. ऊसबिल वेळेवर मिळावे म्हणून इथेनॉल हवे, पण गाडी ॲव्हरेज देत नाही, तापते, सकाळी लवकर चालू होत नाही, ही तक्रारही त्याच घरातली. या तक्रारीत तथ्य किती, इंजिनात नेमके काय बदलते आणि त्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

ई-२० म्हणजे काय आणि ते इथवर कसे आले?

ई-२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल यांचे मिश्रण. देशात इथेनॉल मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले आणि २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. मात्र दहा वर्षांनंतरही, २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. त्यानंतर वेग वाढला. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा पार झाला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूरु येथे ई-२० च्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले.

इंधन बदलले त्या वेगाने रस्त्यावरची वाहने बदलली नाहीत, आणि खरी अडचण इथेच आहे. सरकारी आराखड्यानुसार एप्रिल २०२३ पासून ई-२० सहन करणारे सुटे भाग असलेली वाहने आणि एप्रिल २०२५ पासून ई-२० साठीच ट्यून केलेली इंजिने बाजारात येणे अपेक्षित होते. त्याआधीची कोट्यवधी वाहने ई-१० किंवा शुद्ध पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत आणि ग्रामीण भागात अशा दुचाकी पंधरा-वीस वर्षे सहज वापरल्या जातात.

बारामती-इंदापूरचा यात काय वाटा?

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूरच्या मोठ्या भागाला बारमाही ऊस दिला. उजनीच्या फुगवट्याने इंदापूरच्या पूर्व भागात त्यात भर घातली. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती, कर्मयोगी शंकरराव पाटील आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने आहेत. शेटफळगढे येथे बारामती ॲग्रो हा खासगी कारखाना आहे. माळेगाव, सोमेश्वर, बारामती ॲग्रो यांसारख्या कारखान्यांनी गाळपासोबत आसवनीही उभारली, कारण केवळ साखरेवर हिशेब जुळेनासा झाला.

दुसरीकडे, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे. आपे रिक्षा, २०१२ पासून व्हेस्पा आणि अलीकडे एप्रिलिया आरएस ४५७ सारखी मोटारसायकल इथे तयार होते. म्हणजे इंधन आणि ते जाळणारे इंजिन, दोन्ही तयार करणारा हा तालुका आहे. त्यामुळे या दोन्हींचे जुळते की नाही, हा प्रश्न इथे इतर ठिकाणांपेक्षा अधिक जवळचा ठरतो.

इथेनॉलमुळे इंजिनात नेमके काय बदलते?

इंजिनाला इंधनाइतकीच हवाही लागते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो हवा पुरते. या हिशेबाने ई-१० ला साधारण १४.१ आणि ई-२० ला साधारण १३.५ किलो हवा लागते.

कार्ब्युरेटर मात्र रसायनशास्त्र जाणत नाही. त्याच्या जेटचे भोक ठरावीक असते आणि त्यातून ठरावीक इंधनच जाते. ई-१० वरून ई-२० वर आल्यावर तेवढ्याच हवेसाठी सुमारे चार टक्के जास्त इंधन हवे असते, पण जेट ते देत नाही. शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या गाडीत हा फरक आठ टक्क्यांच्या जवळ जातो. हवा जास्त आणि इंधन कमी अशा मिश्रणाला मेकॅनिक ‘लीन’ म्हणतात. त्याची लक्षणे ठरलेली आहेत : थंड इंजिन लवकर चालू न होणे, ॲक्सिलरेटर एकदम पिळल्यावर गाडी अडखळणे, ‘मिसिंग’ मारणे, चढावर किंवा ओझे घेऊन जाताना जास्त तापणे आणि स्पार्क प्लगचे टोक तपकिरी दिसण्याऐवजी पांढरट पडणे.

फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाडीत ही अडचण बरीच कमी होते. सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूतील प्राणवायू मोजतो आणि त्यानुसार इंधनाची मात्रा वाढवली किंवा घटवली जाते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींमध्ये ही प्रणाली आली. त्याआधीच्या बहुसंख्य दुचाकी कार्ब्युरेटरच्या आहेत आणि प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे.

रिमोटच्या शर्यतीच्या गाड्यांचा इथे काय संबंध?

इंधन बदलले की इंजिन पुन्हा जुळवावे लागते, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते रिमोटवर चालणाऱ्या ‘नायट्रो’ गाड्यांच्या मातीवरील शर्यतीत. या गाड्यांच्या एक अष्टमांश आकाराच्या प्रकारात फक्त साडेतीन सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते आणि ते मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण. मिथेनॉलला एका किलोमागे साडेसहा किलोच्या आत हवा पुरते, तर नायट्रोमिथेनला पावणेदोन किलोही लागत नाही. त्यामुळे इंधनातले नायट्रोमिथेन थोडे कमीजास्त झाले तरी कार्ब्युरेटरची सुई फिरवावी लागते.

शर्यतीत उतरणारा चालक हे काम अंदाजाने करत नाही. तो आधी सुई उघडी, म्हणजे इंधन जास्त ठेवतो. मग थोडी थोडी आवळत जातो आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाहतो : सायलेन्सरमधून धुराची बारीक रेघ निघते का, आयडलिंग स्थिर आहे का आणि इंजिनाच्या डोक्याचे तापमान किती आहे. हे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवले जाते. सुई जास्त आवळली तर गाडी काही फेऱ्या झकास पळते आणि मग पिस्टन जाम होतो, कारण या इंजिनात तेल इंधनातूनच येते. दमट हवा, उन्हाची तीव्रता, समुद्रसपाटीपासूनची उंची यांमुळेही जुळणी बदलते.

या छंदालाही सरकारी नियमाचा फटका बसला आहे. नायट्रोमिथेन स्फोटक बनवण्यासाठी वापरता येते, म्हणून युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२१ पासून परवान्याशिवाय सर्वसामान्यांना मिळणाऱ्या इंधनात त्याचे प्रमाण वजनाच्या १६ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. आधीची मर्यादा ३० टक्क्यांची होती. नियम बदलला, इंधन बदलले आणि हौशी चालकांना आपापली इंजिने नव्याने जुळवावी लागली. मात्र त्यांना डब्यावर छापलेले प्रमाण आधीच माहीत होते आणि सुई त्यांच्या हातात होती. आपल्याकडच्या दुचाकीस्वाराला या दोन्ही गोष्टी मिळालेल्या नाहीत.

ॲव्हरेज खरेच घटते का? किती?

घटते, पण समाजमाध्यमांवर सांगितले जाते तितके नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१. या हिशेबाने ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के आणि ई-१० पेक्षा सुमारे साडेतीन टक्के कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या वाहनांचे मायलेज ई-२० वर चारचाकीत सहा ते सात टक्के आणि दुचाकीत तीन ते चार टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट एक ते दोन टक्केच राहील, असेही त्यात म्हटले होते.

उदाहरणार्थ, लिटरला ५० किलोमीटर धावणारी दुचाकी महिन्याला हजार किलोमीटर चालत असेल, तर साडेतीन टक्के घटीने महिन्याला सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागेल. दर १०५ रुपये धरला तर हा भुर्दंड सुमारे ७५ रुपयांचा होतो. ही रक्कम मोठी नाही, पण ती देणाऱ्याला बदल्यात काही मिळत नाही, हा खरा आक्षेप आहे. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात मायलेजची घट भरून निघावी म्हणून मिश्रित इंधनाला करसवलत सुचवली होती. सरकारचे यावर म्हणणे असे की, त्या वेळी इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता तसे राहिलेले नाही. ३१ जुलै २०२५ रोजी वाहतूक आणि जीएसटीसह इथेनॉलचा सरासरी खरेदी खर्च लिटरला ७१.३२ रुपये होता.

‘ॲव्हरेज सेटिंग’ धोक्याची का?

ग्रामीण भागात मेकॅनिककडे होणारी सर्वांत सामान्य मागणी म्हणजे ‘ॲव्हरेज वाढवून द्या’. त्यासाठी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून इंधन कमी केले जाते, काही वेळा लहान जेटही बसवला जातो. कंपनीतून आलेल्या अनेक जुन्या दुचाकी थोड्या ‘रिच’, म्हणजे जास्त इंधन देणाऱ्या बाजूला जुळवलेल्या असतात. त्यांना ई-२० चा चार टक्क्यांचा फरक बऱ्याच अंशी पचतो. पण जी गाडी आधीच आवळून ‘लीन’ केली आहे, तिला हा फरक पचत नाही. ई-२० आल्यावर मायलेज घटले म्हणून तोच स्क्रू आणखी आवळला, तर मूळ दुखण्यावर तेच दुखणे वाढवणारा उपाय केल्यासारखे होते. अशा वेळी मिश्रणात इंधन थोडे वाढवण्याची गरज असते.

इथे एक बारकावा आहे. ट्युनिंग स्क्रू कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत आवळल्यावर मिश्रण ‘रिच’ होते. तो इंजिनाकडच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा असतो आणि बाहेर सोडल्यावर ‘रिच’ होते. शिवाय या स्क्रूचा परिणाम मुख्यतः आयडलिंग आणि कमी वेगापुरता असतो. मधल्या वेगासाठी सुईची क्लिप आणि पूर्ण वेगासाठी मेन जेट पाहावा लागतो. म्हणून रस्त्यावर गाडी उभी ठेवून केलेली जुळणी भर वेगात उपयोगी पडेलच असे नाही. उलट, इंधन फार वाढवले तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि गाडी पीयूसी चाचणीत अडकते.

शेतातल्या छोट्या इंजिनांचे काय?

या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे शेतीची यंत्रे. इंदापूरच्या डाळिंब आणि द्राक्षबागांत, बारामतीच्या ऊस-भाजीपाल्याच्या पट्ट्यात पेट्रोलवरचे फवारणी पंप, ग्रास कटर, पॉवर वीडर घरोघरी आहेत. यांतील अनेक यंत्रांना छोटे कार्ब्युरेटर आणि रबरी पडदे असतात, ऑक्सिजन सेन्सर नसतो. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचीच शिफारस असते.

मोठी अडचण साठवणुकीची आहे. ही यंत्रे हंगामात चालतात आणि नंतर महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात पडतात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी एका मर्यादेपेक्षा जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल वरच्या थरातच राहते आणि नळीतून आधी तळाचा थर इंजिनात जातो. असे इंजिन सुरू झालेच, तर तेलाविना चालून जाम होऊ शकते. रोज वापरल्या जाणाऱ्या दुचाकीत हा धोका फार कमी असतो, कारण पेट्रोल आठवड्याभरात संपते.

सरकारचे म्हणणे काय? न्यायालयाने काय म्हटले?

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सविस्तर खुलासा केला. मायलेजमध्ये मोठी घट होत असल्याचा दावा निराधार असल्याचे त्यात म्हटले होते. जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे मात्र त्यातही मान्य केले होते. हा खर्च अल्प असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये भागतो, असे सरकारचे म्हणणे आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८.५ असल्याने इंजिनात ‘नॉकिंग’ कमी होते, हा मुद्दाही बरोबर आहे. मात्र त्याचा पूर्ण फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या, ई-२० साठी जुळवलेल्या नव्या इंजिनालाच मिळतो. ई-२० वापरल्याने विमा रद्द होत नाही, असेही सरकारने स्पष्ट केले.

जुन्या वाहनांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे निवडीचा प्रश्न सध्या धोरणकर्त्यांच्याच हाती आहे.

ऊस उत्पादकाला याचा फायदा किती?

ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार कारखान्याने ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. साखर गोदामात पडून राहते आणि तिचे पैसे वर्षभर सावकाश येतात. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत मिळतात. कारखान्याच्या हाती रोकड येते आणि ऊसबिल लवकर देता येते, हा फायदा खरा आहे.

पण या फायद्यावर अवलंबून राहणे सोपे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले आणि कर्ज काढून आसवनी उभारलेल्या कारखान्यांची कोंडी झाली. पुढे निर्बंध उठले, पण तोवर धान्याधारित इथेनॉलने आघाडी घेतली. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटप केलेल्या सुमारे १,०५० कोटी लिटरमध्ये उसावर आधारित इथेनॉलचा वाटा तीस टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेला वाटा मुख्यतः मका आणि तांदळाचा. म्हणजे बारामतीच्या पंपावरील ई-२० मध्ये बारामतीचाच ऊस असेल, याची खात्री नाही.

पाण्याचा हिशेबही आहे. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार एका टन उसापासून, सर्व रस वापरला तर, सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते आणि उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. दहा लिटरच्या टाकीतील दोन लिटर इथेनॉल पूर्णपणे रसाचे असेल, तर त्यामागे सुमारे २९ किलो ऊस आणि पावणेसहा हजार लिटर पाणी असते. बारामतीच्या जिराईत गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथे हा आकडा नजरेआड करता येत नाही.

वाहनधारकाने काय करावे?

पहिली गोष्ट, गाडीची माहितीपुस्तिका आणि टाकीच्या झाकणाजवळील खूण पाहावी. तिथे ई-२० लिहिलेले असेल तर चिंतेचे कारण नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी प्लगचा रंग पाहायला सांगावे. तो पांढरट असेल आणि गाडी अडखळत असेल, तर आधी एअर फिल्टर, जेट आणि तुंबलेली नळी तपासावी, मग मिश्रण थोडे ‘रिच’ करून पीयूसी चाचणी करून घ्यावी. पेट्रोलची रबरी नळी कडक झाली असेल, चिरली असेल किंवा फुगली असेल तर बदलावी. ती स्वस्त असते, पण तिची गळती आगीला निमंत्रण देते.

पावसाळ्यात टाकी फार काळ अर्धी रिकामी ठेवू नये. फवारणी पंप किंवा ग्रास कटर हंगामानंतर ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. पुढच्या हंगामात जुने, मिसळून ठेवलेले पेट्रोल वापरू नये.

पुढे काय?

वैयक्तिक काळजीने प्रश्नाचा एक भागच सुटतो. ज्या देशांत जास्त इथेनॉलचे इंधन रुळले, तिथे पंपावर प्रमाण स्पष्ट लिहिलेले असते आणि अनेक ठिकाणी कमी प्रमाणाचा पर्यायही असतो. आपल्याकडे पंपावर ठळक माहिती, कंपन्यांकडून जुन्या मॉडेलनिहाय जेट आणि रबरी भागांचे संच, तसेच गावोगावच्या मेकॅनिकना प्रशिक्षण या तीन गोष्टी झाल्या, तरी बहुतांश तक्रारी गॅरेजमध्येच मिटतील. वीस टक्क्यांपुढे जाण्याची चर्चा सुरू असताना हे काम आधी होणे गरजेचे आहे. सात-आठ टक्क्यांचा फरक बरीचशी जुनी इंजिने कशीबशी सोसतात, त्यापुढचा फरक सोसण्याइतकी जागा कार्ब्युरेटरच्या स्क्रूमध्ये नसते.